तपास चालू आहे

माझ्या वहिनीला घरात ‘चौकशी खिडकी’ म्हणतात. नाव दादानं ठेवलं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तिला काहीही विचारा, उत्तर एकच: “बघून सांगते.” फ्रिजमध्ये दूध आहे का? फ्रिज उघडून सांगणार. बाहेर गार आहे का? हात बाहेर काढून सांगणार. एकदा मी वैतागून विचारलं, “तुझं दादावर प्रेम तरी आहे का गं?” तर बाईनं वळून दादाकडे नीट पाहिलं आणि मग म्हणाली, “आहे.” आई त्या दिवशी ठसका लागेपर्यंत हसली होती.

माझं शिवणकामाचं दुकान घराच्या खालीच आहे. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण वहिनीचं काम समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही, म्हणून तिनं मला सांगितलं तसंच सांगते. कंपन्या प्रोग्रॅम बनवतात. त्यात चोराला शिरता येईल असं एखादं भोक सापडलं की कंपनी एक सूचनापत्र काढते. ते माणसांसाठी नसतं, यंत्रानं वाचायचं असतं. कोणता प्रोग्रॅम, कितवी आवृत्ती, तिला धोका आहे का, असे ठरलेले रकाने. वहिनीची कंपनी जो स्कॅनर विकते तो ही पत्रं वाचतो, गिऱ्हाइकाच्या मशिनींशी ताडून बघतो आणि पडद्यावर रंग दाखवतो. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे निवांत. त्यातला पत्र वाचणारा भाग वहिनीचा. त्याला पार्सर म्हणतात.

धोक्याच्या रकान्यात चारच उत्तरं येतात. धोका आहे, धोका नाही, दुरुस्ती झाली, आणि चौथं, तपास चालू आहे. म्हणजे पत्र काढणाऱ्या कंपनीलाच अजून माहीत नाही. वहिनीचा या चौथ्या उत्तरावर भारी जीव. “अख्ख्या पत्रात एवढंच प्रामाणिक असतं,” असं म्हणायची. त्याला तिनं पिवळा रंग दिला होता.

पण गिऱ्हाइकांना पिवळा पचेना. पिवळं म्हणजे आम्ही काय समजायचं, घाबरायचं की झोपायचं, असे फोन सुरू झाले. तिचा साहेब म्हणाला, “लाल कर नाहीतर हिरवं कर, मधलं काही नको.” सगळंच लाल केलं तर खऱ्या लालकडे कुणी बघणार नाही, हे तिलाही पटत होतं. तिनं वाद घातला, मग हात टेकले आणि प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. पत्रात स्पष्ट ‘धोका आहे’ असेल तरच लाल, बाकी सगळं हिरवं. त्या दिवशी घरी येऊन पर्स टेबलावर टाकत म्हणाली, “आज मी न बघता हो म्हटलं.” आम्ही नेहमीसारखं ‘हं’ केलं आणि जेवायला बसलो.

पुढे आईच्या मानेवर गाठ आली. हॉस्पिटलमध्ये गाठीचा तुकडा काढायचा होता, तेव्हा बाकावर बसल्या बसल्या वहिनी आईच्या कानाशी म्हणाली, “आई, इथल्या मशिनींवर आमचाच स्कॅनर आहे.” क्वचितच मिरवते ती, त्या दिवशी मिरवली.

“मग बरं,” आई म्हणाली. “तू बघितलंयस म्हणजे झालं.”

तुकडा काढला, तपासायला गेला. रिपोर्ट कधी येणार विचारायला गेलं की काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणायची, “तपास चालू आहे. आला की कळवू.” इकडे आई रोज सकाळी उशीला टेकून एकेकाला धरायची. बरी होईन ना रे? दादा म्हणायचा, न व्हायला काय झालंय. मी म्हणायचे, ठणठणीत होशील. वहिनी आपली सरळ तोंडानं, “माहीत नाही, आई. तपास चालू आहे.”

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. “एवढं खोटं बोलायला तुझं काय जातं?”

“मग त्यांना खरं विचारायचं असेल तेव्हा कुणाला विचारतील?” एवढं बोलून ती कप विसळायला लागली.

माझं डोकंच फिरलं होतं. पण आईला ते उत्तर आवडायचं. माझ्याकडून केस विंचरून घेताना म्हणाली, “तुम्ही दोघं मला गोंजारता. ती माहीत नाही म्हणते ना, तेव्हा मला धीर येतो. म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.”

त्या दुपारी मी दुकानात होते. वहिनी वर घरूनच काम करत होती. अचानक ती जिन्यावरून अनवाणीच खाली आली. फोन कानाला, आणि तोंडावर रंग म्हणून नाही.

“प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम,” ती मला म्हणाली, “हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचा. त्याचं पत्र आज बदललं. इतके दिवस ‘तपास चालू आहे’ होतं. आज ‘धोका आहे’ आलं. इतके दिवस आपण हिरवं दाखवलं.”

मला अर्धंच कळलं. तेवढ्यात पलीकडून हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातल्या माणसानं फोन उचलला. वहिनी ओरडूनच बोलत होती. प्रयोगशाळेची मशीन बंद करा, आत्ता, वायर काढा. तो माणूस तितकाच थंड. फोनमधून मलाही ऐकू येत होतं. “मॅडम, तुमच्याच पडद्यावर हिरवं आहे की. सकाळीच बघितलं मी.”

“ते चुकीचं आहे. मीच सांगतेय ना, ते चुकीचं आहे.”

त्याच्या मागे कुणीतरी काहीतरी बोललं. मग तो म्हणाला, “थांबा हं. इथे काहीच उघडत नाहीये.”

आम्ही जशा होतो तशा निघालो. माझ्या गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती, वहिनीच्या पायात माझ्या दुकानातल्या चपला. हॉस्पिटलमध्ये सगळे पडदे काळे होते, वर खंडणी मागणाऱ्यांचा निरोप. त्याच भोकातून चोर शिरले होते आणि पैसे मिळेपर्यंत सगळ्या मशिनींना कुलूप घालून बसले होते. काउंटरच्या बाया कागदाच्या चिठोऱ्यांवर नावं लिहीत होत्या. प्रयोगशाळेच्या दाराशी एक तंत्रज्ञ हात पसरून उभा होता, कुणी आत घुसू नये म्हणून.

“माझ्या सासूबाईंचा तुकडा आत आहे,” वहिनी म्हणाली. “तो द्या. आम्ही दुसरीकडे तपासून घेतो.”

“बाई, बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. कुणाचा कोणता नंबर ते कॉम्प्युटरमध्ये. आत रॅकच्या रॅक भरलेत. मी तरी कसं ओळखू?”

म्हणजे आईचा तुकडा तिथेच होता, हातभर अंतरावर, आणि तो आईचा आहे हे जगात कुणालाच सांगता येत नव्हतं. वहिनीनं त्या माणसाचं मनगट धरलं. “ऐका माझं. ती ओळ मी लिहिली होती. माझी चूक आहे ती.”

त्याला बिचाऱ्याला काय कळणार. त्यानं तिचा हात सोडवला आणि बोट दाखवलं. “ओळ त्या बाजूला आहे, बाई. तिकडे उभ्या राहा.”

आणि ती खरंच जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे किती माणसं होती आणि ती कशासाठी उभी होती, तिलाच ठाऊक नव्हतं. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. मला तिची दया येत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. राग अजून पुरता गेलेला नाही, उगाच कशाला लपवू.

हॉस्पिटलची कुलपं काही लवकर उघडली नाहीत. म्हणून आईला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं, पण तिथे तिला ताप आला म्हणून पुन्हा तुकडा काढणं पुढे गेलं, मग आणखी पुढे गेलं. मान एका बाजूनं सुजली, गिळताना दुखायला लागलं. आई तरी सकाळी विचारायचीच, आणि वहिनी तेच सांगायची. फक्त आता सांगताना तिचा आवाज फाटायचा. दिवसभर ती कुणाकुणाला फोन लावायची, डॉक्टरांच्या दारात उभी राहायची, जिवाचं रान करायची. ऑफिसात तिनं साहेबाला न विचारता पिवळा रंग परत आणला. साहेबानं पाहिलं आणि तो मूग गिळून बसला. पण घरी दादाखेरीज तिनं कुणालाही त्याबद्दल सांगितलं नाही. मला दादाकडून कळलं.

शेवटी तिथे तुकडा काढला आणि रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आम्हाला खोलीबाहेर बोलावून सांगितलं की आजार मानेपुरता राहिलेला नाही, फार पसरलाय, आता दुखणं कमी ठेवायचं एवढंच हातात आहे.

वहिनीनं विचारलं, “आधी कळलं असतं तर?”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे वाचल्या असत्या की नसत्या?”

“खरंच सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. माणूस चांगला होता, खोटं बोलला नाही. वहिनीला लाल चाललं असतं, हिरवंही चाललं असतं. हे उत्तर घेऊन ती आजही जगतेय, आणि ते कधी बदलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं आईजवळ होतो. कुणी काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. आईनं दादाला विचारलं नाही, मलाही नाही. बोटानं वहिनीला जवळ बोलावलं.

“काय गं खिडकी, बरी होईन ना मी?”

वहिनीनं आईचा हात दोन्ही हातांत घेतला. मी ‘माहीत नाही’ची वाट बघत होते.

“होणार, आई,” ती म्हणाली. “नक्की बऱ्या होणार तुम्ही.”

आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या हातानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि “बरं” म्हणाली. त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नाही.