घराच्या कागदांतली मेलेली अट

२००५ साली मी अमेरिकेत, बेलव्ह्यूमध्ये घर घेतलं, तेव्हा बाबा नागपूरहून आले होते. त्यांची उभी हयात रजिस्ट्री ऑफिसात गेलेली. कागद न वाचता सही करणारा माणूस त्यांच्या मते मूर्ख. सह्यांच्या दिवशी ते गठ्ठा घेऊन बसले ते दीड तास! मी ऑफिसातून दोन तासांसाठी निसटून आलेली, नुसती चडफडत होते.

"हे वाच," बाबा म्हणाले. जुन्या अटींत लिहिलं होतं, या वस्तीत गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. घरकामाचे नोकर चालतील.

सह्या घेणाऱ्या बाई ओशाळल्या. म्हणाल्या, इथल्या सुप्रीम कोर्टाने १९४८ सालीच ठरवलंय, अशी अट कुठलंही कोर्ट अमलात आणणार नाही. पुढे कायदाही झाला. अट मेलेली आहे, फक्त जुन्या कागदावर राहून गेलीय.

मी तर भडकलेच होते. बाबा मात्र शांत. "माझी बदली झाली की मी खोली शोधत फिरायचो," ते म्हणाले. "खोली दाखवायचे, मग आडनाव विचारायचे, मग म्हणायचे, अहो, कालच दिली. घटनेने अस्पृश्यता केव्हाच बंद केली होती. यांनी निदान लिहून तरी ठेवलं. कर सही."

मी सही केली. गाडीत त्यांनी विचारलं, "तुमच्या मराठी मंडळात आपली जात माहीत आहे?"

"इथे कोण विचारतं, बाबा!" मी फटकन म्हणाले.

साफ खोटं. सगळे विचारायचे, फक्त आडून. मी नुसतं नाव आणि 'नागपूरची' एवढंच सांगून विषय बदलायचे. चार वर्षं मंडळाच्या गणपतीचे उकडीचे मोदक माझ्याकडे होते. लोक बोटं चाटायचे. परक्या देशात तेवढंच माझं घर होतं, आणि ते जाईल म्हणून मी घाबरत होते.

घरभरणीला मंडळातल्या एका काकूंनी बाबांना विचारलंच, "काका, तुम्ही मूळचे कुठले? आडनाव काय?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी आडनाव सांगितलं. जातही सांगितली, म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे. काकू "अच्छा, अच्छा" म्हणाल्या आणि पडदे बघायला गेल्या.

गणपतीच्या आधी ई-मेल आला: यंदा तुला मोदकांतून सुट्टी, तू पार्किंग बघशील का?

अस्सा संताप आला! मी हट्टाने एकावन्न मोदक केले आणि नेऊन टेबलावर ठेवले. कुणी एकही उचलला नाही. सगळ्यांची पोटं भरलेली होती म्हणे. मी डबा तसाच घरी आणला आणि ओट्याशी उभी राहून रडले.

तेवढ्यात नागपूरहून बाबांचा फोन आला. "मोदक कसे झाले गं?"

"पुरले नाहीत, बाबा," मी म्हणाले.