काळजी करायला शिक्षण लागतं

"मावशी, जाताना तेवढ्या बाटल्या घेऊन जा. तुमच्याच कामाच्या."

बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. हॉटेलातला थंडगार हॉल. बाईंच्या संस्थेची पर्यावरणाची सभा. परदेशी पाहुणे आलेले. आणि सत्काराला मलाच बोलावलेलं. मी हर्सूलकडं, कचरा डेपोच्या अंगाला राहते. वीस वर्षं कचरा उचलते, बाईंच्या कॉलनीतलाबी. म्हणून शाल.

शाल अंगावर होती अन् मी वाकले. हात सवयीनं खाली गेले. अर्ध्या पाण्याच्या बाटल्या, एकेक सोबतच्या गोणीत.

राग आला नाय. लाज नाय. काहीच आलं नाय.

एक पाहुणी जवळ आली. जर्मनीची. तिनं मला काहीतरी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाईंनीच इंग्रजीत उत्तर दिलं.

माझी पोरगी सोबत होती, कॉलेजात शिकते. तिला विचारलं, "काय म्हणल्या?"

ती खाली बघत बोलली, "पाहुणीनं विचारलं, तुम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते का. बाई म्हणल्या, गरिबाला पोटापुढं काही दिसत नाही. काळजी करायला शिक्षण लागतं."

मी गोणी खाली ठेवली.

"सांग तिला. कचरा डेपो पेटला की धूर आमच्या घरात येतो. तुझी आजी त्याच धुराच्या खोकल्यानं गेली. नाल्याला कोणत्या दिवशी कोणता रंग असतो, मला ठाव हाय. बाईंच्या घरातून रोज किती पिशव्या निघतात, तेबी ठाव हाय. अन् विचार, तिच्या देशात कचरा उचलणाऱ्या बाया सभेत बसतात का?"

 पोरीनं सगळं इंग्रजीत सांगितलं.

 पाहुणी बोलली ते पोरीनं मला सांगितलं. "नाही म्हणते. तिकडं ते काम बाहेरून आलेले लोक करतात. त्यांना कधी कुणी विचारलं नाही म्हणते."

बाई हसल्या. "चला, जेवण लागलंय."

शाल टेबलावर ठेवली. निघालो. रिक्षात पोरगी रडली. मी नाय.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचरा उचलणाऱ्या आठ जणी बसलो. कॉलनीत सांगून टाकलं. ओला-सुका वेगळा, काच अन् सुया कागदात गुंडाळून. मिसळलेला कचरा उचलणार नाय.

बाई खाली आल्या. "मावशी, असं काय करता? इतक्या वर्षांची ओळख आपली."

"वेगळा करा. मग उचलते."

चार दिवस झाले. त्यांच्या गेटापाशी वास सुटलाय. मुकादम म्हणतो, काम जाईल.

जाऊ दे. हात लावणार नाय.