मस्कतच्या हॉलातलं गाऱ्हाणं

आधी वयनीचं सांगतो, मग काय झालं ते. ती नसती तर आमच्या घराण्याचं पुस्तक झालंच नसतं, आणि झालं असतं तरी त्या दिवशी माझं माणूस त्यातून गेलं असतं.

वयनी म्हणजे वहिनी, गोव्यातल्या तुयें गावची. नात्याची नव्हे. तिचा नवरा आणि मी मस्कतला एकाच दुकानात एसी दुरुस्त करतो, म्हणून ती माझी वयनी. मी आठवीतनं शाळा सोडलेला. दर शुक्रवारी त्यांच्या घरी बसून मी माझ्या कागदांवरून वाचायचो. ती बांगडे साफ करता करता ऐकायची, आणि मग हात धुऊन मोबाइलवर टाइप करायची. "भावजी, ही म्हातारी मागच्या पानार मेली न्हय? हांगा परत जिती कशी जाली?" असल्या चुका तिनंच धरल्या. पुस्तकात माझं नाव घालू नका म्हणाली. म्हणून इथेही घालत नाही.

आम्ही डिचोलीजवळच्या लाटंबार्शाचे. भातशेती, काजू, पुढे डिचोलीत दुकान, आणि खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रक. हे सगळं पुस्तकात आहे. पण सगळ्यात मोठं प्रकरण आत्याचं. तिला शिरगावात दिली होती. नवऱ्यानं परत पाठवली. परत आलेली बाई घरात बसून खाते असं कोणी म्हणायच्या आधीच ती खाणीवर लागली. डोक्यावर पाटी, पाटीत तांबडं लोहखनिज. माझ्या बापाचं आजारपण त्या पाटीवर निघालं आणि मी त्या पाटीवर वाढलो. विहिरीजवळच्या दगडावर तिचं लुगडं आपटलं की तांबडं पाणी वाहायचं, वाहतच राहायचं, तरी लुगडं तांबडंच. मी शाळा सोडून तुयेंच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो, त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डबा मात्र बांधून दिला. आता ती नाही. पुस्तकातल्या त्या पानांत काय ती उरली आहे.

प्रकाशन मस्कतला ठेवलं, कारण आमच्या घरातली अर्धी माणसं आखातात आणि उरलेली गावच्या घरांना कुलुपं लावून पणजीला. छापून झालेली पुस्तकं सुट्टीवरून परतणाऱ्या लोकांच्या सामानातून आली. कोणाच्या आमसुलांखाली, कोणाच्या काजूच्या पुड्यांत. त्या दिवशी सकाळपासून मी या घरातून त्या घरात ती गोळा करत फिरत होतो. एका गठ्ठ्याला लोणच्याचं तेल लागलं होतं, तो पुसत बसलो. मग हॉलात खुर्च्या, माइक, समोसे. नारळ इथे दुकानात मिळतो, पण तासून गुळगुळीत केलेला. शेंडीशिवाय नारळ देवापुढे कसा ठेवणार? शेंडीवाला नारळ वयनीनंच गावाहून आणलेल्यातला काढून दिला. माइकवर बोलायचं म्हणजे काय, मला माहीत नव्हतं.

आणि तेवढ्यात दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. शिकलेला, मोठ्या कंपनीत हिशेबनीस, इथल्या मंडळाचा अध्यक्ष. हॉल त्याच्या शब्दावर मिळाला होता. त्यानं एक पुस्तक उघडलं, मधली पानं चाळली आणि खिशातून ब्लेड काढून मेजावर ठेवलं.

"आत्याची पानं काढ."

मला वाटलं थट्टा करतोय.

"अरे, माझ्या चेडवाचं लग्न ठरतंय. तिच्या सासरच्यांच्या हातात हे पुस्तक जाणार. खाणीवर पाटी वाहणारी बाई ही काय घराण्याची गोष्ट?"

"दादा, तिनंच तर..."

"तिचं लग्न करून दिलं होतं. कूळ बदललं तिचं. ती आमच्या वंशावळीत बसतच नाही. तुला हे कळत नसेल तर मला विचारायचं होतंस."

त्या क्षणी जे बोलायला हवं होतं ते मला आज सगळं सुचतं. त्या दुसऱ्या कुळानं तिला ठेवली का, हे विचारायला हवं होतं. तुझ्या बापाच्या ट्रकात होती ती कसली माती, हे विचारायला हवं होतं. ट्रकातून गेली ती प्रतिष्ठा आणि डोक्यावरून गेली ती लाज? त्याच पुस्तकात ट्रकाचा फोटो अख्ख्या पानावर आहे, हार घातलेला. तो काढ म्हणून कोणी ब्लेड आणलं नव्हतं. पण मी एवढंच म्हणालो, "बघूया." रागानं माझी जीभच अडकते. शाळेतही तसंच व्हायचं.

ब्लेडाला मी हात लावला नाही. दादानंही पुन्हा विषय काढला नाही. म्हणाला, "बरं. गाऱ्हाणं मी घालतो. मोठा मीच."

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. घरातल्या मोठ्यानं नारळ हातात घेऊन देवाला हाक मारायची, एकेक मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की झालं. सगळ्यांनी मिळून देवापुढे कबूल केलं असाच त्याचा अर्थ. त्यानंतर नारळ फुटतो आणि बोललेलं मागे घेता येत नाही.

हॉल भरला. पेडणें आणि डिचोलीची माणसं, दोन-चार कोल्हापूरचीही. दादा नारळ घेऊन उभा राहिला. आवाज चांगला आहे त्याचा, देवानं दिलेला.

"बा देवा, बारा वाटांच्या राखणदारा, आज तुझी लेकरां समुद्रापलीकडे जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या रोजगाराक, घरादाराक सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पुस्तकात कुळाबाहेरचां जां काय इलां आसात, ती ह्या अडाणी लेकराची चूक म्हणून पोटात घाल, आणि फुडच्या खेपेक तां काढून टाकूची बुद्धी त्याका दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा हॉल म्हणाला. त्यात माझाही आवाज होता. पाळण्यापासून अंगात मुरलेलं ते. शेवटचं "म्हाराजा" ऐकलं की तोंड आपोआप उघडतं. माझ्या आत्याला घराबाहेर काढायला मी भर सभेत देवापुढे हो म्हणालो, आणि ते मला म्हटल्यावर कळलं. दादा नारळ घेऊन दाराकडे वळलासुद्धा, कारण हॉलाच्या लादीवर फोडायला परवानगी नव्हती, बाहेर पायरीवर फोडायचा होता.

"ना म्हाराजा!"

मागच्या रांगेतून. वयनी उभी होती, हातात समोशांचा ट्रे.

गाऱ्हाण्यात "ना" आलेलं त्या हॉलातल्या कोणी ऐकलं नसावं. पेडण्याचे एक म्हातारे हळूच म्हणाले, "आतां नारळ फोडूक जायना हां. सगळ्यांचो होकार ना."

"वयनी, हो आमच्या घरचो विषय," दादा म्हणाला.

"घरचो जाल्यार घरांत घालपाचो. हॉलांत आमकां व्हय म्हणूंक कित्याक लायतात?" वयनी म्हणाली. "त्या बायची पानां हांवें टाइप केल्यांत. ती चूक न्हय. चूक म्हणपाक हांव व्हय म्हणचें ना."

कोणीतरी हसलं. "परत घाला, परत घाला! समोसे निवतले!" दादाचा चेहरा लाल झाला. "मी दोनदा घालत नाही," एवढं बोलून त्यानं नारळ माझ्यापुढे धरला. माझ्याकडे न बघता.

मी घेतला. तसा राग मला जन्मात आला नव्हता. दादाचा, त्या हॉलाचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या तोंडाचा. मी गाऱ्हाणं कधी घातलं नव्हतं. वाकडंतिकडंच घातलं. देवाला म्हणालो, मघाशी माझ्या तोंडून जे गेलं ते मी परत घेतो. जिच्या डोक्यावरच्या पाटीवर आमचं घर उभं राहिलं, ती ह्याच कुळाची, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तिची पानं पुस्तकात अशीच राहतील. मग तिचं नाव घेतलं, माहेरचं, आडनावासकट. आमच्या गाऱ्हाण्यात लेकी-सुनांची नावं घेत नाहीत. मी घेतलं.

"म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वयनीचा आवाज सगळ्यात आधी. दादा गप्पच राहिला. पण "ना"ही म्हणाला नाही, आणि तेवढं पुरतं.

नारळ पायरीवर एका फटक्यात फुटला. पुस्तकं लोकांच्या घरी गेली, आत्याच्या पानांसकट. दादानं प्रत घेतली नाही. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

वयनी पुढच्या वर्षी कायमची तुयेंला परत जाणार आहे. एका शुक्रवारी बांगडे साफ करताना ती सहज म्हणाली होती, तिच्या आईनं जन्मभर लोकांच्या काजूच्या बागांत बोंडं वेचली, हातांचं कातडं निघेपर्यंत. वयनी, ते मी विसरलेलो नाही. कधीतरी तुझ्या अंगणात बसून तू सांग, मी लिहीन. माझं ऱ्हस्व-दीर्घ तूच सुधार. आणि त्या पुस्तकाचा नारळ फुटेल तेव्हा गाऱ्हाणं मी घालीन. तुझ्या आईचं नाव घेऊन, आणि त्याच्यानंतर तुझं.