मालकांची काळी कढई

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांची मनातल्या मनात माफी मागतो आणि इस्लामपूरच्या माझ्या खोलीमालकांकडे बोट दाखवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पण पदवीचा तो कागद नीट हुंगला तर त्याला मालकांच्या फोडणीचा वास येईल. कोरेगावाकडून पत्र्याची पेटी घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा भाडं सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "मसूर खातोस का रं?" मी हो म्हणालो आणि पुढची तीन वर्षं त्यांच्याकडेच जेवलो.

मालक फौजेत स्वयंपाकी होते. निवृत्त होताना इतरांनी रेडिओ आणले, कांबळी आणली. मालकांनी ईशान्येकडच्या कुठल्याशा बाजारातून एक चिनी कढई आणली. पातळ लोखंडाची, बुडाला पुरती गोल, आणि दोन कानांऐवजी एकच लांब लाकडी दांडा. गॅसवर ती डुलायची, म्हणून गुऱ्हाळाच्या जुन्या चरकातलं एक लोखंडी कडं आणून त्यांनी तिला बैठक केली होती. अख्खा मसूर तिच्यात, पिठलं तिच्यात. एकदा चहाही तिच्यातच झाला आणि त्याला लसणाची चव आली, तर मालक म्हणाले, थंडीला बरा. पालथी घालून तिच्या पाठीवर ते भाकरी भाजत. तापलेल्या कढईत आधी पाण्याचा थेंब टाकत. तो मोत्यासारखा पळत सुटला तरच तेल पडायचं. पोहे उलथन्याने हलवणं त्यांना कमीपणाचं वाटे. दांड्याला एक झटका, पोहे हवेत, पुन्हा कढईत. मला ही विद्या शिकवताना एकदा सगळे पोहे समोरच्या कॅलेंडरवर गेले आणि आषाढाचा अख्खा महिना पिवळा झाला. "वारा हाय," मालक म्हणाले. खिडकी बंद होती.

कोयनेकडचा धक्का इकडेही जाणवतो. मी नवा असताना एका दुपारी जमीन हलली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात मोबाईल. मालक कढई घेऊन उभे. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "आवं, आमी जीव घिऊन आलो, तुमी कढई?" मालक शांतपणे म्हणाले, "जीव हाय की हिच्यात." सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथेच चुकलो.

कारण ती कढई डांबरासारखी काळी होती. मालक तिच्यात नुसतं गरम पाणी फिरवत, पुसत आणि वरून तेलाचं बोट लावत. मला वाटलं, मालक एकटे, गुडघे दुखतात, बिचाऱ्यांना बसून घासता येत नसेल. आमच्या घरी भांडं चकाकलं पाहिजे, हीच आईची पहिली शिकवण. दिवाळीच्या आधी मालक दोन दिवस साताऱ्याला गेले तेव्हा मी विटेची पूड घेतली, काथ्या घेतला आणि उपकार फेडायला बसलो. हाताची सालं निघाली, पण कढई आरशासारखी झाली. ती मी दारातच उन्हात मांडून ठेवली, मालकांना आल्या आल्या दिसावी म्हणून.

मालक आले. कढई उचलली, बोटाने वाजवली, आतून हात फिरवला. "तू केलंस?" मी अभिमानाने व्हय म्हणालो. "लय चकाकतीय," एवढंच बोलून ते आत गेले. संध्याकाळी गॅस पेटला नाही. मग वहिनींनी मला भिंतीपलीकडून सांगितलं, की ती कढई काळी केली ती काकूंनी, मालकांच्या बायकोनं. रोज जेवणं झाली की तेलाचं बोट त्या लावायच्या; त्या तेलाचाच काळा थर बसला होता, म्हणून तिला काही चिकटत नसे. त्या गेल्यावर मालकांनी तिला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी पेटी भरली. मालक दारात येऊन उभे राहिले.

"कुठं निघालास?"

मी पेटीची कडी लावली.

"तिनं बारा वरसं घालवली हिला काळी करायला," ते म्हणाले. "ती पेटी ठेव, तेलाची बुधली आण. एकट्यानं माझ्यानं व्हायाचं न्हाई."

त्या दिवसापासून तेलाचं बोट माझं. सुरुवातीला कढई निळी झाली, मग पितळी, आणि प्रत्येक पोहा तिला चिकटून बसायचा. मालक खरवडून खायचे आणि खरवडच चांगली लागते म्हणायचे. माझा निकाल लागला तेव्हा ती तपकिरी झाली होती. काळी व्हायच्या आत मला साताऱ्याला नोकरी लागली.

मालक फोनवर 'पोचलो' एवढंच ऐकून घेतात. बाकीचं कागदावर लिही म्हणतात, फौजेतली सवय. म्हणून गेल्या आठवड्यात हे पत्र टाकलं:

"ती. मालकांस सा. न. वि. वि.

मीही एक कढई घेतली आहे. गोल बुडाची मिळाली, कडं अजून मिळालेलं नाही. परवा आई आली होती. मी कचेरीतून येतो तर ती विटेची पूड घेऊन बसलेली. मी कढई तिच्या हातातून ओढूनच घेतली. ती म्हणाली, 'एवढं शिकून भांडं काळं ठेवायलाच शिकलास व्हय रं?' मी व्हय म्हणालो.

आपली आता कितपत काळी झाली? दुसऱ्या शनिवारी येतो. त्या दिवशीचं तेल तेवढं माझ्यासाठी ठेवा, आणि कॅलेंडर काढून ठेवा."