त्यांचा छोटासा प्रश्न

रोह्यात कुठलंही व्याख्यान असो, आमच्या गावचे एक निवृत्त मास्तर पहिल्या रांगेत असायचेच. शेवटी उठून "माझा एक छोटासा प्रश्न आहे," म्हणायचे आणि अगदी पुणेरी मराठीत पंधरा मिनिटं बोलायचे. प्रश्न काही यायचा नाही. वर वक्त्याचे दोन-चार उच्चार सुधारून मगच बसायचे.

एकदा आफ्रिकी साहित्यावर दिवसभराचा कार्यक्रम होता, त्यासाठी केनियाहून एक लेखिका आल्या होत्या. सकाळी त्यांचं भाषण संपल्यावर मास्तरांनी त्यांना आफ्रिका समजावून सांगितली. दुपारच्या कार्यशाळेत बाई दुभाष्यामार्फत म्हणाल्या, "आई रागावली की काय म्हणायची, ते तिच्याच शब्दांत लिहा."

मास्तरांनी कागदावर एकच ओळ लिहिली. मग उभे राहून एवढंच वाचलं, "पायाला मीठ लागलाय, पयले धू, मंग घरान ये."

त्यांची आई पेणकडे मिठागरात राबायची, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "वा! अहवालासाठी जरा शुद्ध मराठीत सांगता का, सर?"

अहवाल मीच लिहीत होतो. मास्तर माझ्याकडे वळले.

"नाय," ते म्हणाले, "हाय तसाच लिवा."