पेशंट बरा झाला तर

पिंप्राळ्यातल्या त्या घरी मी व्हिजिटला पोचले, तेव्हा पेशंट गच्चीवर वाळत घातलेले बिबडे, ज्वारीचे पापड, उलटत होत्या. वॉकर खाली बेडरूममध्ये होता.

पेशंट म्हणजे अक्का. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. त्यांच्यासाठी माझ्या एजन्सीने शोभाला अकरा महिन्यांच्या करारावर दिलं होतं, घरी राहून काम. सूनबाई वर्षाताई बँकेत. त्या दिवशी त्या लवकर आल्या आणि माझ्यासोबतच जिना चढल्या.

“सकाळी तर शोभा यांना धरून बाथरूमला नेत होती!”

अक्का मटकन खाटेवर बसल्या. “आज जराखं बरं वाटस,” त्या पुटपुटल्या.

“दोन जिने चढण्याइतकं?” वर्षाताई शेजारी उभ्या असलेल्या शोभाकडे वळल्या. “नोकरी टिकावी म्हणून माणसाला आजारी ठेवतेस होय गं?”

शोभाने वाकून उरलेले बिबडे उलटायला घेतले. नाही म्हणाली नाही.

आमचा नियम साधा आहे. क्लायंटने किंवा आम्ही करार मध्येच संपवला, तर एक महिन्याची नोटीस. पण बाईने फसवल्याची लेखी तक्रार असेल, तर नोटीस लागत नाही आणि त्या बाईला मी पुन्हा कुठेच पाठवत नाही. शोभा धुळ्याची भाड्याची खोली सोडून आली होती. माझ्या यादीतून नाव गेलं, की काम आणि छप्पर दोन्ही जाणार.

वर्षाताई तक्रार लिहायला निघाल्या, तेव्हा मी मधला मार्ग काढला. “नोटीस नको. संध्याकाळी घेऊन जाते. कारण मात्र ‘काम पूर्ण’ असं लिहा.”

“आणि फसवलं त्याचं काय?”

“सासूबाई स्वतःच्या पायांनी गच्चीवर आल्यात. काम झालंच की.”

त्यांनी सही केली. निघताना अक्कांनी अर्धवट वाळलेले बिबडे शोभाच्या पिशवीत कोंबले. “ली जाय, माय.”

रिक्षात मी शोभाला झापलं. “असली लबाडी माझ्या एजन्सीत चालत नाही.”

“लबाडी मनी नही, ताई. अक्काच म्हनेत, मी सूनसमोर चालाव नही, नहीते तू चाली जाशी. दिनभर त्यासले बोलाले कोनी नही.”

“मग तिथे तोंड का नाही उघडलंस?”

“अक्काले त्याच घरमा ऱ्हानं शे. माले जानंच व्हतं.”

मी रिक्षा परत वळवली नाही. सही झाली होती, शोभाचं नाव यादीत टिकलं होतं. काम नीट उरकलं असंच मला वाटलं.

त्याच आठवड्यात शोभाला दीपनगरला एका बाळाकडे लावलं. नवा करार, नवी सही. ‘काम पूर्ण’ लिहिल्यावर अक्कांकडे कोणाला पाठवायचा प्रश्नच नव्हता.

काही दिवसांनी वर्षाताईंचा फोन आला. आवाज उतरलेला. “अक्का उठतच नाहीत हो. डॉक्टर म्हणतात, हाड उत्तम जुळलंय. पण त्यांना शोभाच हवीय. तिला पाठवा.”

“ती दुसऱ्या करारावर आहे.”

“मग तोडा ना तो!”

मी दीपनगरला फोन लावला. बाळाची आई शांतपणे म्हणाली, “मॅडम, बाळ तिच्याशिवाय झोपत नाही. महिन्याची नोटीस तुम्हीच लिहिलीय ना?”

मीच लिहिली होती. नोटीस दिली. शोभा लगेच तयार झाली होती, पण महिना संपल्याशिवाय निघता येईना. ती पिंप्राळ्याला परत गेली, तोवर पडून पडून अक्कांचे पाय आखडले होते. आता शोभा त्यांना धरून बाथरूमला नेते, आणि यात काही खोटं नाही. बिबडे या वर्षी विकतचे आले.

हल्ली करार करताना मी घरच्यांना एक प्रश्न विचारते: पेशंट ठरल्यापेक्षा लवकर बरा झाला, तर या बाईचं काय करणार? बहुतेक जण हसतात. मी उत्तर येईपर्यंत पेन देत नाही.