कुंभकोणमचा काळा पोंगल

मी पुण्यातल्या एका कॉलेजात 'ग्राहकाचं वर्तन' हा विषय शिकवतो. कुंभकोणममध्ये माझं वर्तन बघायला पोलीस आला होता.

कुंभकोणम ही माझी सासुरवाडी. माझ्या बायकोचे, म्हणजे रेवतीचे, पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ती इतकी जुनी, की लग्न ठरवताना माझ्या आईला आपण तहाच्या वाटाघाटी करतोय असं वाटलं होतं. उंबरठा ओलांडला की तमिळ. सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, देवळाच्या रस्त्यावर साड्यांचं दुकान आहे. आजीने पोंगलची साडी जिथून घेतली तिथूनच नातीने घ्यायची, अशी तिथली रीत. पण त्या वर्षी बसस्टँडजवळ चार मजली, थंडगार, सरकते जिने असलेलं दुकान उघडलं, आणि नाती जिन्यावर चढल्या.

"हा पोंगल गेला तर कडै बंद करतों," अप्पा फोनवर म्हणाले. कडै म्हणजे दुकान. एवढं बोलून त्यांनी जेवण झालं का विचारलं. मला फार वाईट वाटलं. त्यातच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "अप्पा, मी येतो. दुकान माझ्यावर सोडा!" (रेवतीला पोंगलच्या आदल्या दिवशीपर्यंत रजा नव्हती. असती तर हा लेख लिहावा लागला नसता.)

माझं निदान सोपं होतं. आमची संक्रांत तोच त्यांचा पोंगल. आणि संक्रांतीला काय खपतं? काळं! पुण्यात त्या आठवड्यात बायका काळ्या साडीसाठी एकमेकींच्या हातातून हँगर ओढतात. आणि अख्ख्या कुंभकोणममध्ये पोंगलसाठी एकाही दुकानाने काळं मांडलं नव्हतं. एकाही! याला आम्ही 'मोकळी बाजारपेठ' म्हणतो. (ती मोकळी का आहे हे आधी विचारावं, असंही आम्ही म्हणतो. ते पुढच्या धड्यात येतं.)

"अप्पा, सगळं दुकान काळं करू या!"

अप्पांनी ऑपरेशननंतरच्या काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "जावई, कॉफी घेतां?"

घेतली. कुंभकोणमची कॉफी, ती कोण सोडणार?

"साड्या, शर्ट, सगळा माल मी पुण्याहून मागवतो."

"प्रवासात दमलां तुमी. अजून एक कॉफी होऊं द्या."

"आणि दारावर काळं कापड सोडू. लांबून दिसलं पाहिजे!"

या वेळी अप्पांनी कॉफीबरोबर म्हैसूरपाक मागवला. इतका पाठिंबा मला आमच्या विभागप्रमुखांनीही कधी दिला नव्हता.

माल आला. पोंगलच्या आदल्या दिवशी सकाळी मी काचेतल्या सगळ्या बाहुल्यांना काळ्या साड्या नेसवल्या, दारावर काळं कापड सोडलं आणि 'मालक दिसले पाहिजेत' या तत्त्वानुसार अप्पांना दारातच खुर्ची दिली. काळा चष्मा घालून ते गप्प बसले होते. एकूण परिणाम गंभीर होता. मला तो भारदस्त वाटला.

गिऱ्हाइकं येत होती. पायरीशी चपला काढत होती, आत बघत होती, आणि चपला घालून जात होती. जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक मामी (तिकडे वयस्क बाईला मामीच म्हणतात) मात्र आत आल्या. त्यांनी अप्पांना हळू आवाजात काही विचारलं. अप्पांनी मान हलवली. मामींनी डोळ्यांना पदर लावला, अप्पांचा हात दाबला आणि काही न घेता निघून गेल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कोण गेलं ते पुसत होती. कोणी नाही मटलं. तिला पटलं नाही." अप्पांनी चष्मा नीट केला. "कॉफी?"

तेवढ्यात शेजारचे मुरुगेसन आले. ते जवळच्या नाचियार्कोविल गावचे पितळी दिवे विकतात. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, त्यामुळे आमचं नेहमी छान जमतं. त्यांनी काळ्या कापडाकडे बोट केलं, मग बसस्टँडकडे बोट केलं आणि मूठ वळली. "बिग शॉप?"

स्पर्धेचा विषय निघालाय असं समजून मीही मूठ वळली. "येस! बिग शॉप! फायनल फाइट!"

मुरुगेसनांचे डोळे भरून आले. त्यांनी मला मिठी मारली आणि दोन मीटर काळं कापड विकत घेतलं. पहिली विक्री! मी विजयाने अप्पांकडे पाहिलं. अप्पा आकाशाकडे बघत होते. थोड्या वेळाने भांडीवाला आला. मग विड्याच्या पानांचा ठेलेवाला, मग उदबत्तीवाला. प्रत्येकाला काळं कापड हवं होतं! मी कात्री चालवत होतो आणि मनात शोधनिबंधाचं शीर्षक ठरवत होतो.

दुपारी रेवती आली. रिक्षातून उतरली आणि बॅग हातातच धरून उभी राहिली. रस्ताभर प्रत्येक दुकानावर काळा झेंडा फडकत होता.

"हे काय आहे?"

"मागणी!" मी म्हणालो.

"अरे, हा निषेध आहे! इथे काळं फक्त निषेधाला लावतात, नाहीतर कोणी गेलं तर! सणाला नवं कापड आणलं की त्याच्या कोपऱ्याला हळद लावतात. काळ्यावर हळद दिसेल तरी का? अप्पांना विचारलं होतंस?"

"प्रत्येक गोष्ट विचारली! एकदाही नको म्हणाले नाहीत."

"मग काय म्हणाले?"

"कॉफी घेता का म्हणाले."

रेवती पायरीवर बसली. "आमच्याकडे जावयाला 'नको' म्हणत नाहीत. कॉफी देतात. किती प्यायलास?"

मी बोटांवर मोजायला लागलो. एका हाताची बोटं पुरली नाहीत. आणि त्याच क्षणी पोलीस आला.

मोर्चाची परवानगी कोणी घेतली, असं त्याने विचारलं. सगळ्या रस्त्याने एकदिलाने माझ्याकडे बोट दाखवलं. "पुणे मापिळ्ळै!" पुण्याचा जावई. रेवती दुभाष्याचं काम करू लागली.

"कोणाविरुद्ध आहे, विचारतायत."

"सांग, विरोध नाही. सणाचं स्वागत आहे."

तिने सांगितलं. पोलिसाने बाहुल्यांकडे पाहिलं, अप्पांच्या चष्म्याकडे पाहिलं, आणि तो पोट धरून हसायला लागला. बघ्यांच्या गर्दीत ते वाक्य पसरत गेलं आणि सगळा रस्ता हसला. मी पण हसलो. दुसरं काय करणार?

मग पोलीस डोळे पुसत काहीतरी म्हणाला. ते ऐकून सकाळपासून न हललेले अप्पा ताडकन उठले.

"बायकोसाठी पिवळी साडी आहे का म्हणतोय," रेवती म्हणाली.

अप्पांनी मला सभ्यपणे बाजूला केलं आणि आतलं कपाट उघडलं. पिवळ्या, हिरव्या, डाळिंबी साड्या धबाधबा बाहेर आल्या. गंमत बघायला जमलेल्या बायका आत शिरल्या. कोण गेलं म्हणून सांत्वन करून गेलेल्या मामी चार सुना घेऊन परत आल्या. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून मला रस्त्यावर उभं केलं. तिथेही लोक मला बघायला येत होते, आणि बघून झालं की दुकानात जात होते.

दुकान बंद झालं नाही. अप्पा अजून तिथेच बसतात. काळ्या साड्या पुण्याला परत गेल्या, काळे शर्ट तेवढे उरले.

पोंगलला लेकीच्या घरी आहेर पाठवायची तिकडे पद्धत आहे. पुढच्या पोंगलला अप्पा स्वतः पुण्याला आले आणि माझ्यापुढे एक काळा शर्ट ठेवला. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. यंदा पुन्हा पिशवीत हात घातला तेव्हा मी धीर एकवटला. सासऱ्यांना नको कसं म्हणायचं?

"अप्पा," मी म्हणालो, "कॉफी घेता?"

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आतां तुमी आमचे जावई झाले!" म्हणाले, आणि खूश होऊन त्यांनी मला एकाऐवजी दोन शर्ट दिले.